हा रोज सकाळी कुठे जातो

४ मार्च, मंगळवार
ह्याने मिशी काढली! वीस वर्षांची मिशी. लेक चहा पिताना खो खो हसली. "बाबा, तू नक्की कोण?"
हा म्हणाला, "तेच बघतोय."
मला हसू आलं नाही.

६ मार्च
ह्याचा मोबाइल घरीच राहिला, म्हणून ऑफिसात फोन केला. तिथली बाई म्हणाली, "ताई, ते तर महिन्यापूर्वीच सोडून गेले. तुम्हाला माहीत नाही?"
मी म्हटलं, "हो हो, विसरलेच." विसरलेच म्हणे! नवऱ्याची नोकरी म्हणजे काय छत्री आहे?
संध्याकाळी सहाला हा आला. टाय सैल करत म्हणाला, "आज डोक्याला नुसता ताप."
मी ताट वाढलं.

७ मार्च
विचारलं नाही. रोजच्यासारखा डबा भरून दिला.

१० मार्च, सोमवार
दुकानात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. एरवी लोकांची नजर तपासते, चष्म्याचे नंबर काढते. आज नवऱ्याच्या मागे गाडी घातली. अंतर ठेवून, चोरासारखी.
वाटलं होतं, कुणीतरी बाई असेल. त्याची तयारी होती. भांडले असते, रडले असते, माहेरी फोन केला असता.
बाई नव्हती. पोहण्याचा तलाव होता!
काचेतून पाहिलं. उथळ बाजूला सात-आठ वर्षांची पोरं आणि मध्ये हा, कठडा घट्ट धरून. गुडघाभर पाण्यालाही घाबरणारा माणूस. शिकवणारी ओरडली, "काका, सोडा हात!" ह्याने सोडला. गेला खाली. मी काचेवर दोन्ही हात आपटले — कुणाला ऐकू गेलं नाही.
वर आला. खोकला. आणि हसला. एकोणीस वर्षांत असं हसताना मी ह्याला पाहिलेलं नाही.
गाडीत बसले आणि तशीच दुकानात गेले.

१२ मार्च
सांगून टाकलं. "तलावावर पाहिलं मी तुला."
पांढरा पडला. "सांगणार होतो गं."
"कधी?"
"रोज. दारातून निघताना."
लेकीचं काय, घराचं काय, माझं काय — सगळं विचारलं. खाली मान घालून ऐकलं ह्याने. मग हळूच म्हणाला, "तुला कधीच वाटत नाही? सगळं सोडावं असं?"
"मला वेळ कुठाय?" म्हणाले आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. नळ सोडून बसून राहिले. एवढी का घाबरले? प्रश्न तर साधाच होता.

१४ मार्च
हा पुन्हा नोकरीसाठी अर्ज करणार म्हणतो. "तू काळजी करू नकोस." सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१७ मार्च, सोमवार
सकाळी दुकानाचं वळण आलं. मी वळलेच नाही, सरळ जात राहिले. आता चार वाजलेत, गाडी कडेला लावून लिहितेय. हे कुठलं गाव, ठाऊक नाही. शेजारच्या सीटवर फोन वाजतोय — ह्याचाच आहे. अजून उचललेला नाही. आता मला माझीच भीती वाटतेय.