‘सांजगप्पा’ नावाची डिस्क

प्रिय दादा,

वहिनीच्या मेसेजवरून कळलं, तुझं खाणं आता जरा सुधारलंय आणि छकुली कुशीवर वळायला लागलीय. वाचून बरं वाटलं. आठवडाभर मी तिचा फोन उचलला नाही, त्याचा राग धरू नका.

आपलं रेडिओ केंद्र बंद झालं, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या स्टुडिओच्या भिंतींवरचा फोम सोलून नेलाय, खुर्च्या जिन्यात रचून ठेवल्यात. वर सर्व्हरच्या खोलीत मी एकटीच उरले होते. सगळं रेकॉर्डिंग साठवलेल्या कपाटातल्या डिस्क सर्व्हरच्या यादीतून एकेक करून काढायच्या, एवढंच काम. सर्व्हरपासून प्रत्येक डिस्ककडे जायला वायरींच्या दोन वाटा असतात; एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. यादीत मात्र दोन्हींचं मिळून एकच नाव दिसतं. बाकीच्या डिस्कना मी नुसते आकडे दिले होते, तुझ्या कार्यक्रमाच्या डिस्कला ‘सांजगप्पा’. “म्हणजे मी कपाटात जाऊन बसलो की गं,” म्हणालास आणि त्याच संध्याकाळी ते सगळ्या श्रोत्यांना सांगून मोकळा झालास.

साहेबांच्या मागे लागून मी तुझा एक भाग घ्यायची परवानगी काढली. आधी नाहीच म्हणाले. सगळे हक्क आता नव्या मालकांचे. तुझ्या ऑपरेशनचं सांगितल्यावर नरमले. “उद्या सकाळी एक भाग उतरवून घे, मग काढ सगळं.” पाहुणे आलेच नाहीत आणि तू एकट्याने तासभर किल्ला लढवलास, तो भाग मी ठरवूनही ठेवला होता.

सकाळी यादी उघडली तर ‘सांजगप्पा’पुढे दोन्ही वाटा बंद. वायर सैल असेल म्हणून मागे जाऊन चाचपून आले. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी कपाटाचं काम बघणाऱ्या माणसाला फोन लावला. “मॅडम, त्या डिस्क कालच पुसल्या. कपाट न्यायला आज गाडी येतेय ना.” दुसरी प्रत विचारली. तीही त्याच कपाटात होती.

यादीत नुसतं नाव उरलं होतं. ते काढणं माझं काम. कमांड लिहिली, पुढे तुझ्या कार्यक्रमाचं नाव, आणि एंटर दाबलं. काम नीट झालं की ही कमांड काहीच सांगत नाही. मी यादी पुन्हा मागवली. नाव नव्हतं.

दादा, स्वरयंत्र काढल्यावर तू मला लिहून दाखवलं होतंस, “छकुली जन्मायच्या आधीच माझा आवाज गेला. तिच्यासाठी एक भाग आण, बास.” मी हो म्हटलं होतं. जुन्या श्रोत्यांनाही विचारत फिरले. तू सगळ्यांना आठवतोस, जपून ठेवलेलं कुणाकडेच नाही. वहिनीच्या फोनमध्ये तुझं तेवढं “निघालो गं” रेकॉर्ड झालेलं आहे, तेही गाड्यांच्या आवाजात. रविवारी मी येतेय. दार उघडल्याबरोबर तू आधी माझ्या हातांकडे बघशील. ते मला सोसणार नाही, म्हणून आधीच लिहून कळवलं.

तुझीच,
ढमी