दुसऱ्या तळ्यावरचा अन्याय

आदरणीय व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? विहीणबाईंचा खोकला थांबला? इकडे सूनबाई मजेत आहे आणि मीही मजेत आहे. शेजाऱ्यांना मात्र विचारू नका.

आमच्या सार्वजनिक बागेतली दोन्ही तळी यंदा पुन्हा हिरवी झाल्याचं सूनबाईनं कळवलंच असेल. (हिरवी म्हणजे कवितेतली नव्हे. शेवाळाचा थर असा, की बेडकानंही उडी मारण्याआधी विचार करावा.) पाणीखात्याच्या बाई मोरचुदाची पोती घेऊन हजर झाल्या. मोरचुदानं शेवाळ मरतं, पण त्याबरोबर मासेही मरतात. मी बाकावर चढलो. (त्याचा एक पाय तेव्हाच गेला.) म्हटलं, जो समाज पाण्याला विष पाजून पाणी शुद्ध करतो, तो उद्या... पुढचं बाईंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "काका, आधी खाली उतरा आणि उपाय सांगा."

उपाय मी वाचला होता. जवाचा पेंढा जाळीच्या पिशव्यांत सैल भरून पाण्यावर तरंगत ठेवायचा. तो हळूहळू कुजताना नवं शेवाळ वाढू देत नाही. बाईंनी दोन महिने दिले. अट एकच: पेंढा एकाच तळ्यात घालायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. दोघांत फरक दिसला नाही, तर दोन्हीकडे मोरचूद.

पहिल्या पिशव्या मी गादीसारख्या ठासून भरल्या. त्या बुडाल्या आणि आठवड्यात असा वास सुटला की बागेत बसणारी जोडपी आपापल्या घरी जाऊन अभ्यास करू लागली. माळ्यानं त्या उपसल्या, सैल भरल्या, वर रिकामे डबे बांधले. मग करण्यासारखं काही उरलं नाही. पेंढ्याला वेळ लागतो आणि मला गप्प बसवत नाही. म्हणून रोज सकाळी मी तळ्याकाठी समतेवर बोलू लागलो. श्रोता एक, माळी. (दोन म्हणा; त्याचं कुत्रंही असे.)

दोन महिन्यांनी बाई आल्या. पहिलं तळं इतकं नितळ की तळाचे दगड मोजावेत. मी टाळ्यांसाठी थांबलो. बाईंनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. तेही तितकंच नितळ! "म्हणजे हा हवेचा खेळ. तुमच्या पेंढ्यानं काय केलं?" पोती गाडीतून उतरू लागली. तेवढ्यात माळी पुढे झाला.

"बाई, रोज रात्री अर्ध्या पिशव्या मीच तिकडे टाकायचो आणि पहाटे परत आणायचो. काका रोज सांगायचे, एकाला घास आणि दुसरा उपाशी, हा कसला न्याय? मला त्या तळ्याकडे बघवेना."

व्याहीबुवा, चाळीस वर्षं बोलतोय. माझं ऐकून कुणी काही केलं, असं पहिल्यांदाच घडलं. त्याच्यावर रागवू कसा? बाईसुद्धा हसू दाबत म्हणाल्या, "पोती परत नेते. पण याच हवेतलं, पेंढा न घातलेलं हिरवं तळं दाखवा. पुढचे दोन महिने ते हिरवंच राहिलं, तर पेंढ्याचं खरं." मासे तूर्त जिवंत आहेत आणि मला सुखाची झोप लागते.

आपला, सध्या जमिनीवर उभा असलेला,
व्याही

ता. क. आपल्या घरामागच्या तळ्याला विहीणबाई डबकं म्हणतात आणि ते साफ करा म्हणून आपल्यामागे लागल्या आहेत, असं कळलं. कृपा करून दोन महिने काहीही करू नका. त्यांची समजूत मी घालतो.

ता. क. दुसरा. पाण्याचे नमुने न्यायला दर आठवड्याला माळी येईल. त्याच्यासमोर तळ्याबद्दल हळहळू नका. आणि पिशवी तपासून मगच त्याला आत घ्या.

ता. क. तिसरा, सूनबाईच्या अक्षरात. बाबा, आईची समजूत घालायला मामंजी स्वतः येणार आहेत. अंगणातला बाक आत घ्या.