सलीमभाईंची डावी बाजू

४ नोव्हेंबर, मंगळवार
काल चौदा वर्षांखालच्या मुलींचे बास्केटबॉलचे तीन सामने. पंच नेहमीचे दोघे, मी आणि सलीमभाई. वाद नाही, तक्रार नाही. दुसऱ्या सामन्यात चेंडू त्यांच्या डावीकडून बाहेर गेला, हात वर झालाच नाही. मी मैदान ओलांडून शिट्टी दिली. त्यांनी लगेच मान हलवली, जणू आमचं ठरलेलंच होतं.
जागा बदलताना मी सिमेंटवर टाच घासते. दोन हंगाम झाले. त्यांना वाटत असेल, माझी सवय आहे. बूट मात्र उजव्या टाचेला पार झिजला.
परत येताना त्यांच्या मोटारसायकलवर नाही बसले. ऑटो केला. म्हटलं, कंबर दुखते.

७ नोव्हें., शुक्र.
देशमुख सरांचा फोन. पंचांच्या नेमणुका तेच करतात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना यंदा आपल्याकडेही तीन पंच. "माणसं कमी पडून राह्यली. सलीमले घेऊ का? तुमच्यासंगं इतकी वर्षं हाय."
मी "घ्या" म्हणाले. एक सेकंदही थांबले नाही. नंतर फोन हातात धरून बसले.
अमरावतीला कॉलेजचे सामने मी करत आले. स.भा. मात्र कायम शाळांतच. पंच म्हणून क्रीडाशिक्षक हवेत, पदवी हवी, असं काहीबाही कानावर यायचं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. फक्त मी अमरावतीहून आले की विचारायचे, "कसं असते तिथं?"
संध्याकाळी त्यांचाच फोन. "ताई, कॉलेज!" एवढंच. मग हसत राहिले.

९ नोव्हें., रवि.
सकाळी त्यांच्या दुकानात. मोटर रिवाइंडिंगचं दुकान, तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास. काउंटरवर खडूनं अर्धं मैदान काढलं. पंच म्हणून तीन बेअरिंगं ठेवली.
शाळेत दोघं. एक बास्केटखाली, एक मागं, आणि सगळं मैदान दोघांत वाटलेलं. धावपळ जास्त, पण हिशोब सोपा: मी इकडं तर तुम्ही तिकडं. कॉलेजात तिघं. बास्केटखालचा लीड, मागचा ट्रेल, आणि समोरच्या बाजूला मध्यावर सेंटर. प्रत्येकाचा तुकडा लहान. पण चेंडू सेंटरच्या बाजूला गेला की लीड बास्केटखालून तिकडं सरकतो. तो सरकला की सेंटरचा ट्रेल होतो, आणि जुना ट्रेल दोन पावलं खाली येऊन सेंटर होतो. मग त्यानं चेंडू सोडायचा. मागं राहिलेले खेळाडू त्याचे.
एका दमात समजलं त्यांना. बेअरिंग स्वतः सरकवून दाखवलं. मग विचारलं, "लीड निघाला हे मले कोन सांगते?"
"कोणी नाही. दिसतं."
"म्हंजे चेंडूकडं पाहाचं आन् बाजूनं लीड दिसला पायजे."
"हो."
बेअरिंग बोटानं फिरवत बसले. बराच वेळ फिरत होतं ते. चांगलं बेअरिंग होतं.

११ नोव्हें., मंगळ.
सलीमभाईंच्या शबानाभाभी भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, डोळ्यात थेंब टाकायचा कंटाळा करतात, तुम्ही जरा सांगा. काचबिंदू आहे हे त्यांनीच सांगितलं. मला माहीत असेल असंच त्यांना वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, बाजूचं गेलं ते गेलं, उरलेलं सांभाळा. डावा जास्त.
"समोरचं दिसते, सुईत धागा ओवतेत," भाभी म्हणाल्या, "बाजूनं म्हैस आली त दिसत नाही." आणि हसल्या. मीही हसले. मग दोघींनी वांगी निवडली.

१२ नोव्हें., बुध.
विचारलं. "डोळ्याचं काय सलीमभाई?"
"कायचं काय?"
"भाभी भेटल्या होत्या."
"तिले सगळ्या गावाले सांगाले पायजे." मग, "एक सामना करू दे ताई. एकच."
पेपरच्या पुरवणीच्या पानाची घाई होती, ती सांगून निघाले. पान तासभर आधीच छपाईला सोडलं होतं.

१४ नोव्हें., शुक्र.
सामना झाला.
आधीचं लिहिते. स.भा. नवी करडी पँट शिवून आले होते. बूट ओल्या फडक्यानं तीनदा पुसले. तिसरी पंच प्रणाली, नागपूरची, शिकलेली, शांत धावते. सामन्याआधी तिनं दोघांना विचारलं, "काही खास इशारे आहेत का तुमचे?" मी म्हणाले, लीडला असताना सरकलीस तर थोडा आवाज कर, आम्हाला सवय आहे. ती म्हणाली, "कसला आवाज?" स.भा. मध्येच म्हणाले, "काही नाही, पुस्तकातल्यासारखं करू." त्यांच्यादेखत पुढं बोलता आलं नाही.
पहिला भाग छान. त्यांचा हात स्वच्छ, उंच. एक फाउल असा दाखवला की गुणांच्या टेबलवरचा माणूस म्हणाला, हे कुठले सर? मला फार बरं वाटलं.
तिसऱ्या भागात प्रेक्षकांनी ढोल आणला.
प्रणाली लीड, स.भा. ट्रेल, मी समोर सेंटर. चेंडू माझ्या बाजूला आला. प्रणाली बास्केटखालून इकडं निघाली, बरोबरच. मी ट्रेल झाले. आता त्यांनी खाली यायचं, पलीकडच्या मुलींवर नजर ठेवायची. ते जागचे हलले नाहीत. चेंडूकडंच बघत होते. प्रणाली त्यांच्या डावीकडून गेली होती. मी टाच घासली. ढोलात मलाच ऐकू आली नाही.
पलीकडं आठ नंबरच्या मुलीला कोपर लागलं. ओठ फाटला. कुणाचीच शिट्टी नाही. खेळ पुढं चालू, आणि ती खाली बसलेली, जर्सीवर रक्त.
नंतर कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ पाहिला. प्रणाली चेंडूकडं, स.भा. चेंडूकडं. माझं तोंड स.भां.कडं. आठ नंबरकडं कुणीच नाही.

१५ नोव्हें., शनि.
मुलीला टाके पडले. दात शाबूत. सकाळी जाऊन आले. तिची आई म्हणाली, "तीन-तीन पंच होते म्हने." आवाज चढवला नाही. चहा दिला.
दुपारी देशमुख सर. "कोनाचा एरिया होता मॅडम?"
"ट्रेलनं खाली यायला हवं होतं."
"हां, सलीम बी तेच म्हने. कालच आलता घरी. माझा होता म्हने, चुकी माझी." मग सर उसासा टाकून म्हणाले, "त्याले तिघांचं जमत नाही. वय झालं, नवीन शिकनं अवघड असते. जाऊ द्या. शाळेचे देत जाऊ त्याले, दोघांचे. ते त त्याच्या हातचं हाय. बरोबर नं?"
मी "बघू" म्हणाले. तिघांचं त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं होतं, हे सांगायला हवं होतं. ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो. मग चुकलं कशानं?
आणि दोघांत तर अर्धं मैदान एकट्याचं असतं.

१६ नोव्हें., रवि.
प्रणालीचा मेसेज. "ताई, सरांना डावीकडून दिसत नाही का? मी कुणाला बोलले नाही. पण माहीत असतं तर मी तरी तिकडं बघितलं असतं." खरं आहे. तिनं तर आधीच विचारलं होतं.
उत्तर दोनदा लिहून खोडलं. दिवसाला दहा बातम्यांचे मथळे देते मी.

१८ नोव्हें., मंगळ.
दुकानात गेले. एका मोटरची तार उलगडत होते. बस म्हणाले नाहीत. मीच स्टूल ओढलं.
"पोरीचं कसं हाय?"
"बरी आहे. सूप पिते."
"गेलतो मी परवा. तिच्या बापाले सांगतलं, मले दिसलं नाही. त्याले वाटलं, गर्दी होती म्हनून. तो म्हने, होते सर असं." तार गुंडाळत राहिले. "सर म्हनाला तो मले."
मग मान वर न करता, "तू टाच घासून राह्यली दोन वर्षं. मले काय समजत नाही का?"
मी पाय स्टूलखाली घेतले.
"आधी वाटलं, बुटात खडा गेला हिच्या. मग म्हटलं एवढे खडे कुठून आनते?" हसले. "मग त्याच्यावरच चालाले लागलो. तुही टाच वाजली की मी हलो. डोळ्यानं नाहीच."
"आधी बोलला असतात तर..."
"तू काहून नाही बोलली?"
बाहेर कापसाची गाडी अडकली होती, हॉर्न वाजत होते.
निघताना म्हणाले, "रविवारी दारव्ह्याले मी टेबलवर बसतो. घड्याळ समोर असते. देशमुखाले सांगजो, गुडघा दुखते."
आणखी एक खोटं. "बरं" म्हणून आले.

२३ नोव्हें., रवि.
दारव्हा. शालेय, मुलं. माझ्याबरोबर तिथलेच एक शिक्षक, नवीन पण मेहनती. स.भा. टेबलवर, घड्याळाची कळ हातात, करडी पँट तीच. मुलं त्यांना ओळखतात. "सर, आज शिट्टी नाही?" एकानं विचारलं. "आज तुह्या टायमावर नजर हाय, पळ," म्हणाले.
पहिल्याच चढाईला चेंडू पलटला आणि माझी टाच आपोआप घासली गेली. शिक्षकांनी दचकून माझ्याकडं बघितलं, काही चुकलं का म्हणून.
टेबलवर स.भा. खुर्चीतून अर्धे उठले होते. एक पाऊल पुढं टाकलेलं. मग खाली बसले, खुर्ची पुढं ओढली, घड्याळाकडं बघायला लागले.
पुढं सामनाभर मी पाय उचलून धावले. पिंढऱ्या भरून आल्या.

२४ नोव्हें., सोम.
कालचंच. राहिलेलं.
परतीच्या एस.टी.त खिडकी त्यांनी घेतली, डावी बाजू खिडकीकडं करून, म्हणजे मी उजवीकडं. आता हे सारं लक्षात येतं. बाहेर तुरीला फुलं. थोडा वेळ झोपले असं वाटलं.
मग डोळे मिटूनच म्हणाले, "राळेगावचे सामने डिसेंबरात हायेत नं?"
"हो."
"दोघांचेच."
"हो."
बोदेगाव गेलं. कंडक्टर येऊन गेला.
"तिथं लहान गाव. पाहाले येते कोन?" आणि माझ्याकडं पूर्ण मान वळवली, तशी वळवल्याशिवाय मी त्यांना दिसत नाही. "राळेगावले ढोल नसते नं, ताई?"
नसतो. मला माहीत आहे, त्यांनाही.
देशमुख सर राळेगावच्या नेमणुका आज करणार. सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला त्यांचा. तिसऱ्यांदा वाजतोय.