उन्हाचा उतार

वनखात्याची झोपडी, दक्षिण बव्हेरिया
१८ नोव्हेंबर २०२४

ती. सरलाआत्यास,
शार्दूलचा सा. न. वि. वि.

रेगेन्सबर्गहून यंदाही इथे डोंगरात येऊन पंधरवडा झाला. फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. तुझ्या चकल्या पोस्टात निम्म्या मोडल्या, तरी संपल्या.

माझ्या पीएचडीच्या गेम्से, म्हणजे शेळीएवढ्या, आकडेदार शिंगांच्या रानबकऱ्या, नऊ आहेत. अख्खा हिवाळा त्या जंगलातल्या एकाच उतारावर काढतात, कारण ऊन तिथेच पडतं. तो उतार राखला तर त्या जगतील, म्हणून गेल्या हिवाळ्याच्या अहवालात मी तो नकाशावर नीट दाखवला, फोटो आणि वेळांसकट. काल फोर्स्टआम्टचं, म्हणजे इथल्या वनखात्याचं, पत्र आलं. खालच्या गावावर बर्फाचे कडे कोसळू नयेत म्हणून त्यांनी त्याच उतारावर रोपं लावली आहेत आणि गेम्से त्यांचे शेंडे खातात. तेव्हा तिथे बंदीच्या महिन्यांतही शिकारीला परवानगी. सोबत माझाच नकाशा जोडलाय. आत्या, बकऱ्यांचा पत्ता मीच दिला गं.

काकांना नमस्कार.
तुझा शार्दूल

ड्युसेलडॉर्फ
२७ नोव्हेंबर २०२४

चि. शार्दूल यास,
आत्याचे आशीर्वाद, रागासकट.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, खरं लिहिलं यात पोराची काय चूक! मी म्हटलं, लिहिताना जरा हात आखडता घ्यायला काय झालं होतं? तुझा बापही असलाच, विचारलं त्याहून जास्त सांगणारा.

आता रडत बसू नकोस. लगेच विडरश्प्रुख टाक. बेचाळीस वर्षं काढली मी या देशात, इथल्या सरकारी कागदावर हरकत घेता येतेच, फक्त मुदत चुकवू नकोस. तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ लिही, की नकाशा चुकला, बकऱ्या तिथे नसतातच. खोट्याचं पाप माझ्या डोक्यावर. आणि वेळेवर जेव.

काळजीत असलेली,
सरलाआत्या

डोंगरातूनच
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न.

हरकत मुदतीत घेतली. उत्तर आलं, की इतकी अचूक माहिती त्यांच्याकडे आजवर नव्हती, त्यामुळे शंकेला जागा नाही. मग तू म्हणालीस तसं खोटंही लिहिलं. पण फोटो माझ्याच कॅमेऱ्यांचे, आणि ते त्यांच्याकडे आधीच गेलेले.

काल सात पडल्या. उरलेल्या दोघी वर खडकांत पळाल्या. तिथे छातीभर बर्फ आहे आणि चरायला काही नाही, म्हणजे फेब्रुवारी काही त्या बघत नाहीत. शिकारी म्हातारा आहे, माणूस वाईट नाही. मला वाईट वाटतंय हे त्याला दिसत होतं.

इथे मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. आपण तुळशीपान ठेवतो ना, तसंच. म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते, म्हणून त्यानं मलाच डहाळ्या आणायला सांगितलं. जवळ ती रोपंच होती, दुसरं हिरवं काही नाही. मी सात शेंडे मोडून आणले आणि एकेकीच्या दातांत ठेवले. शेंडे मोडले म्हणून मला कोणीही रागावलं नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असू दे.
शार्दूल