कोमलची बरोबर वाक्यं

तळेगाव दाभाडे
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. आईंना,
तुमची सून अमृता हिचा सविनय जय भीम.

गुडघा कसा आहे? तेल लावून घेता ना? तुम्ही पाठवलेला नवा इंद्रायणी पोचला. भात शिजला की वास जिन्यापर्यंत जातो. शेजारच्या वहिनी विचारत आल्या, म्हणून त्यांनाही थोडा दिला.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन भाऊजींच्या हातात असतो, ते स्पीकरवर लावतात आणि सगळं घर ऐकतं. आमच्या शाळेतले नथूमामा उद्या तुमच्या गावावरून जाणार आहेत, त्यांच्याकडे हे देते. एकट्याच असाल तेव्हा वाचा.

आधी शाळेचं सांगते. या आठवड्यात सातवीला इंग्रजीतले ‘एव्हरीबडी’, ‘नोबडी’ असले शब्द घेतले. मुलं हटकून ‘एव्हरीबडी आर’ म्हणतात. त्यांची चूक तरी काय, आपण ‘सगळे आहेत’च म्हणतो. मी समजावलं, घरात कितीही माणसं असू देत, इंग्रजीत एव्हरीबडीला ‘इज’च लागतं, एकच धरायचं. तर मागच्या बाकावरची कोमल उठली.

“टीचर, आणि नोबडीला?”

“त्यालाही इज.”

“कुणीच नसलं तरी एक धरायचं?”

पोरं हसली. मीही हसले, आणि आपापल्या घरावर पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली.

कोमलची वाक्यं एकदम अचूक होती. एव्हरीबडी इज ॲट होम. एव्हरीबडी ईट्स टुगेदर. नोबडी इज अँग्री. ‘ईट्स’मधला एस अख्ख्या वर्गात तिनं एकटीनं लावला होता. मी तिची वही सगळ्यांना दाखवली, टाळ्या वाजवायला लावल्या.

शुक्रवारी पालकसभा होती. कोमलच्या घरून कुणी आलं नाही, शेजारच्या शालनमावशी आल्या. म्हणाल्या, “बाई, हिची आई दिवाळीपासनं माहेरी हाय. बाप कंपनीत, कवा येतो, कवा न्हाई. पोर माज्याकडंच जेवती.”

मी कोमलला व्हरांड्यात नेलं. विचारलं, “मग तसं का लिहिलंस?”

ती घाबरली नाही. म्हणाली, “वाक्य बरोबर पाहिजे म्हणाला होतात. खरं पाहिजे असं कुठं म्हणालात?”

तिला वर्गात पाठवलं आणि तिथेच कठड्याला धरून उभी राहिले.

आत्ता पत्र सोडून मधेच उठले होते. खाली स्कूटर थांबल्यासारखी वाटली, पण ती वरच्या मजल्यावरच्यांची होती. त्याआधी दूध उतू जाईल म्हणून धावले, तर गॅस पेटवलेलाच नव्हता. सकाळपासून असंच चाललंय. बसते, उठते, दार उघडून बघते.

तुम्ही रोज फोनवर विचारता, “समदी बरी हायेत न्हवं? त्यो जेवला का?” आणि मी सांगते, सगळे बरे आहेत. ते ड्यूटीवर गेलेत. ते आंघोळीला गेलेत. माझंही एक वाक्य चुकत नाही.

प्रज्ञेश घरी नाहीत, आई. डिसेंबर लागला तेव्हापासून. आंबीच्या कंपनीनं त्याआधीच कंत्राटी माणसं कमी केली, त्यात यांचं काम गेलं. मला कळू दिलं नाही. रोज डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचे. मला बाहेरून कळलं. मी विचारलं, ते बोलेनात, मग मीच नको इतकं बोलले. माझ्या पगाराचा शब्दही काढला नव्हता, पण त्यांना तोच ऐकू आला. जाताना एवढंच म्हणाले, “आईला कळता कामा नये.”

सोमाटणे फाट्यावर त्यांच्या मित्राचं, गौरवचं टायरचं दुकान आहे. ते तिथे राहतात हे मला माहीत होतं. पण मीही हट्टाला पेटले होते. शुक्रवारी सभा संपली आणि पाय घराकडे वळेचनात. रिक्षा करून सरळ फाट्यावर गेले.

ते ट्रकचं चाक उघडत होते. वाळलेत. मी म्हटलं, “घरी चला.”

“कुठल्या तोंडानं येऊ?”

“आईंना मी यापुढे खोटं सांगणार नाही.”

त्यांनी वर बघितलं नाही. पाना फिरवत राहिले. मग म्हणाले, “आई रोज विचारते?”

“रोज.”

“काय विचारते?”

“तुम्ही जेवलात का.”

तसे उठून दुकानाच्या मागे गेले. नळ कितीतरी वेळ चालू होता. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. “बघतो,” म्हणाले. कधी, ते नाही म्हणाले.

काल शाळा सुटल्यावर कोमलला जेवायला घरी आणलं. शालनमावशींना सांगितलं, यापुढे शनिवारी ती माझ्याकडे. दोनदा भात घेतला तिनं. मग विचारलं, “टीचर, तुमचे सर कुठंयत?” मी म्हटलं, “रुसून गेलेत.” ती म्हणाली, “माझी आईपण.” आणि जेवत राहिली. कुणाला तरी खरं सांगितलं ते तिला पहिल्यांदा. आता तुम्हाला.

त्यांना फोन करू नका, रागवूही नका. जमलं तर इकडे या. भाऊजींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आपण दोघी सोमाटण्याला जाऊ. मी रस्त्याच्या अलीकडे थांबेन, तुम्ही पुढे व्हा. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. आणि म्हणालेच, तर मला तुमच्याजवळ बसून रडायचं आहे. इथे एकटीला तेही जमत नाही.

ते आले तरी, न आले तरी
तुमचीच,
अमृता