गच्चीवरची ताणमुक्ती

प्रिय गौसिया,

लातूरहून ज्ञानेश्वरीचा सलाम. तू आणि अम्मी बऱ्या असाल, कंधारचं ऊन जरा उतरलं असेल, असं धरून चालते.

पत्रास कारण माझी खुर्ची. घरातली पाठ टेकायची एकुलती एक खुर्ची चिरंजीवांनी नेली; त्यांची 'नीट' आहे. लातुरात नीटच्या मुलाला दार असलेली खोली मिळते आणि प्राध्यापक आईला स्वयंपाकघर. (भूकंपाच्या वर्षी आम्ही घराबाहेर पळालो होतो, हल्ली त्याची ऑनलाइन चाचणी सुरू झाली की पळतो.) लॉकडाऊन लागल्यापासून मी गव्हाच्या कोठीवर बसून अर्थशास्त्र शिकवते. अशा बाईलाच प्राचार्यांनी 'महिला प्राध्यापकांचे मनःस्वास्थ्य' या वेबिनारची निमंत्रक केलं. रविवारी, भर दुपारी, हजेरी सक्तीची. (मनःस्वास्थ्य सक्तीशिवाय येत नाही.) अहवालाला फोटो हवा, म्हणून सगळ्यांनी कॅमेरे लावा असं मीच बजावलं. तुझा बंद दिसला आणि माझ्या अंगात निमंत्रक संचारली. "गौसिया मॅडम, लोळत असाल तर उठून बसा," असं साठ बायकांसमोर म्हणाले.

तू कॅमेरा लावलास. पाण्याच्या टाकीला टेकून उभी, डोक्यावर छत्री, चेहरा घामानं निथळलेला. "मॅडम, इथं गच्चीवरच रेंज हाय. खाली जाऊ का?" एवढंच बोललीस. इतक्या वर्षांत तू मला कधी मॅडम म्हणाली नव्हतीस. तिथंच माफी मागायची की नाही? मी फोटो काढला. वर अहवालात त्याखाली लिहिलं, 'एक भगिनी निसर्गाच्या सान्निध्यात ताणमुक्तीचा आनंद घेताना.' प्राचार्य इतके खूश झाले की कॉलेजच्या फेसबुकवर पहिला तोच. खाली कुणीतरी लिहिलं, 'पगार घरबसल्या, वर गच्चीची हवा!' त्यावर हसणाऱ्यांत आपल्याच स्टाफरूममधली नावं.

तेव्हापासून फोन लावते तर अम्मी उचलतात. "गौसिया गच्चीवर हाय बाई, रेंज न्हाई." गौसिया, रेंज गच्चीवरच आहे हे आता साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, माझ्याच कृपेनं.

तर खुर्चीचं काय करावं, ते सवडीनं कळव.

तुझी,
ज्ञानेश्वरी

ता. क. खुर्ची गेली खड्ड्यात. फोन उचल. शिव्या दे, अम्मींसमोर दे, पण मॅडम म्हणू नकोस.

ता. क. फोटो काल उतरवायला लावला. 'ती ओळ माझी होती, गौसियाला विचारलंही नव्हतं,' हे स्टाफच्या ग्रुपवर नावानिशी लिहिलं. कुणी अंगठा दिला नाही. सोमवारपासून तुझा दुपारी बाराचा तास मी घेते, माझा सकाळी सातचा तू घे. वेळापत्रक बदलून घेतलंय. प्राचार्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, माझी सोय.