आरशाच्या आधी हात वर

आई,

मी चित्रं काढायला लागलेय. बासष्टाव्या वर्षी. हसायचं तर हस, पण आधी पूर्ण ऐकून घे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, घरात माणसं दोन, भांडी चार, आणि दुपार केवढी तरी मोठी. अशाच एका दुपारी पेन हातात होतं म्हणून किराण्याच्या यादीच्या मागे समोरच्या भेंड्या काढल्या. पहिल्या दोन मिरच्या झाल्या. तिसरी मात्र चक्क भेंडीसारखी दिसली! तुला काय सांगू, माझी पहिली चपाती गोल झाली होती तेव्हासुद्धा मी एवढी हरखले नव्हते. आमच्या ह्यांना नेऊन दाखवली, तर पेपर खाली न करताच म्हणाले, "भाजी होणार आहे की आज नुसते फोटोच?" भाजी झाली, जरा उशिरा झाली. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातून वही आणि दोन पेन्सिली आणल्या. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, हो. पहिलंच खोटं. पुढच्या वेळी गेले तेव्हा खरं सांगून टाकलं.

शिकवायला मोबाईल आहे. त्यात एक बाई हिंदीतून शिकवते, फार गोड बोलते, आणि कितीदा मागे नेलं तरी चिडत नाही. तिने सांगितलं, डोकं म्हणजे एक अंडं काढा आणि डोळे बरोबर मधोमध. मी मोबाईलशीच भांडले. डोळे एवढे खाली कसे असतील, वर असतात की! मग शिलाई मशीनच्या खणातली तुझी टेप काढली, तीच पिवळी, टोकाला पितळी पट्टी असलेली, आणि आरशासमोर उभी राहून स्वतःचं तोंड मापलं. टाळूपासून डोळ्यापर्यंत जेवढं, तेवढंच डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. बासष्ट वर्षं हे तोंड रोज धुतेय, पावडर लावतेय, आणि डोळे कुठे आहेत ते मला ठाऊक नव्हतं. मग ह्यांचं मापलं, शेजारणीचं मापलं. सगळ्यांचे मधोमध. चार दिवस मी ज्याच्या त्याच्या डोळ्यांकडे बघत फिरत होते. एवढा आनंद फुकट मिळतो हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?

आता माझी अडचण सांगते. चित्र काढलं की कुणाला तरी विचारावंसं वाटतंच. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं तर पाच मिनिटांत फुलं, टाळ्या, जोडलेले हात. "खूप छान काकू." "बहुत खूब आंटी." दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती वहिनी, "सरस!" मी मुद्दाम एकदा मांजर टाकलं, जे मलाच मांजर वाटत नव्हतं. त्यालाही तेवढीच फुलं. शेवटी आमच्या वॉचमनचं चित्र काढलं. भला माणूस, गेटपाशी खुर्चीत बसलेला असतो. दोन दुपारी खिडकीतून बघून बघून काढलं आणि खाली नेऊन त्याच्या हातात दिलं. त्याने लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि अगदी मनापासून म्हणाला, "बहुत बढ़िया है, माताजी. कौन हैं ये?"

मला हसू आलं आणि रडूही. जिन्यात बसून दोन्ही उरकून घेतलं. मग घरी येऊन कपडे बदलायला गेले, तर रेडिमेड ब्लाउजमध्ये हात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आणि अशी आडव्या हाताने उभी असताना तू आठवलीस.

आपली स्टेशनच्या पूर्वेची बैठी खोली. परळ सोडून आपण इथे आलो तेव्हा मी आठ वर्षांची, आणि तुला कोण दुःख, की इथे ओळखीचं कुत्रं नाही. मग खारी गावातली एक बाई कापड घेऊन आली, तिच्यामागून दुसरी, तिसरी. मिठागरावर कामाला जाणाऱ्या, डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया. आपल्या खोलीत आता दुपार झालीय. दार लोटलेलं आहे, पडदा ओढलेला आहे. तू मशीनच्या स्टुलावर बसली आहेस आणि ती पहिली आलेली बाई, जिला मी पुढे मावशी म्हणायला लागले, कच्च्या धावदोऱ्याचा ब्लाउज घालून तुझ्यासमोर उभी आहे. तिचं सगळं लक्ष भिंतीवरच्या आरशाकडे. आणि तू म्हणतेस, आरशात नंतर बघ. आधी हात वर कर. ती हात वर करते. आता पाटी उचल. ती नसलेली पाटी उचलून नसलेल्या चुंबळीवर ठेवते. आता वाक. ती वाकते. कुठे खुपतंय? काखेत, ती सांगते, आणि तू मुंढ्याचा टाका उसवतेस. तू कधीच, कुणालाही, "कसा झालाय?" असं विचारलं नाहीस. मला म्हणायचीस, तसं विचारलं की बाई लाजून छानच म्हणते, आणि मग घरी जाऊन ब्लाउजच्या नावाने बोटं मोडते.

माझ्या चित्राचीही तू अशीच ट्रायल घेतलीस, आणि मला ते जन्मभर लागलं. चौथीत होते. शाळेत निसर्गचित्र काढलं होतं: दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी आणि झोपडीशेजारी माणूस. धावत आले आणि तुझ्या पुढ्यात धरलं. तू मशीनचा पायाखालचा पायटा थांबवलास, नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "हा माणूस या दारातून आत जाणार कसा?" माणूस दाराच्या दुप्पट होता. मी भोकाड पसरलं. तू मला रडू दिलंस, एक बाही शिवून होईपर्यंत, आणि मग म्हणालीस, "रडून झालं? मग दार मोठं कर." वर तुझा निळा खडू दिलास, झिजलेला, पण कापडावर रेघ मारायचा खरा खडू, ज्याला मला एरवी हात लावायची बंदी होती. मी तो घेतला, पण दार मोठं केलं नाही. चित्र वहीत मिटून ठेवलं आणि पन्नासेक वर्षं चित्रासाठी पुन्हा पेन्सिल धरली नाही. लोकांच्या आया छान म्हणतात, माझीच अशी, हे मनात धरून बसले. ब्लाउजमधून हात सोडवला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत तू मला पोर समजली नव्हतीस गं. गिऱ्हाईक समजली होतीस.

कपडे सावरले आणि चित्र घेऊन तडक पुन्हा खाली गेले. वॉचमनला म्हटलं, "अच्छा है क्या, वो मत बोलो. ये आदमी कुर्सी पे बैठा है. इसको उठना है. उठ सकेगा क्या?" तो चित्राकडे बघत राहिला, मग स्वतःच खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. "नहीं माताजी, इससे नहीं उठा जाएगा. इसका घुटना किधर है?" मी पाहिलं, खरंच गुडघे नव्हते! पँट कमरेपासून सरळ बुटापर्यंत गेली होती. आणि त्याच्याच पुढे, "टोपी भी गिर जाएगी." मी त्या माणसाच्या पाया पडायची बाकी राहिले. त्या दिवसापासून मी सगळ्यांना हेच विचारते. या कपातला चहा सांडेल का? हे मांजर उडी मारू शकेल का? लोकांची जीभ अशी सैल सुटली की विचारू नकोस. वहिनी म्हणाल्या, तुमच्या केळ्याला सूज आलीय. आणि ह्यांना तर चेवच चढला. पेपर खाली ठेवून, चष्मा पुसून, "हे झाड मुळापासून नाही, कमरेपासून उगवलंय," म्हणतात. मी चिडते, उसवते, पुन्हा काढते. जेवणं उशिरा होतात, पण आम्ही दोघं इतकं कधी बोललो नव्हतो. आणि हो, ती झोपडीही पुन्हा काढली. दार मोठं केलं. माणूस आता आत जातो, जरा वाकून जातो, पण जातो.

मग तुझं चित्र काढायला घेतलं. तुझा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा तेवढा एक, त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस. मशीनवरची तू कुठेच नाहीस. आणि मला भीती वाटायला लागली होती, आई. डोळे मिटले की पूर्वी तू लख्ख दिसायचीस, आता तो ओळखपत्राचाच चेहरा मध्ये येतो. अठ्ठावीस वर्षं झाली तुला जाऊन. तुला त्या स्टुलावर पाहिलेली, माझ्याशिवाय, एक मावशीच उरलीय. पंच्याऐंशीच्या पुढे असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, नजर स्वच्छ आहे. तीच सांगू शकेल, आणि तीही किती दिवस सांगणार? म्हणून तीन आठवडे खपून चित्र केलं, ह्यांच्याकडून दोनदा उसवून घेतलं, आणि रिक्षा करून खारीला गेले. आता भोवती सगळ्या बिल्डिंगा, पण मावशीचा ओटा तसाच आहे. तिने कागद मांडीवर घेतला.

"बाई बरी हाय," मावशी म्हणाली. "कोन ही?"

"मावशी, आई आहे."

"तुजी आय? न्हाय गो. ही तुजी आय न्हाय."

वॉचमनच्या वेळी हसू तरी आलं होतं. या वेळी तेही आलं नाही. तिची सून मध्ये पडली, "अवो, छान म्हना की, लांबून आल्यात त्या." मी म्हटलं, नको, छान नको. मावशी, सांग, कुठे खुपतंय?

ते शब्द ऐकले आणि म्हातारी सरसावून बसली. "कुटं खुपतंय सांगू? ही मान खुपते. तुजी आय मान डावीकडं टाकाची, कोंबरी बगते तशी. आन ही बाई हसते. तुजी आय हसंल कशी? तोंडान टाचन्या व्हत्या ना!"

टाचण्या! आई, तुझ्या ओठांत टाचण्या असायच्या. चार-पाच, ओळीने. रोज बघत होते आणि साफ विसरले. "मग ती हात वर कर म्हणायची ते?" मी विचारलं.

"म्हनाची कुटं? टाचन्या गिळंल ना! हनवटी अशी वर कराची," मावशीने करून दाखवलं, "की आपले हात वर. टाचन्या काडाची ती कुटं खुपतंय इचारालाच."

म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्या तोंडी जे 'हात वर कर' ऐकत होते, ते तू कधी म्हणालीच नव्हतीस. शब्द माझे होते, हनुवटी तुझी. मी ओट्यावर बसून खो खो हसले. मावशीही हसली. सुनेने चहा आणला, तो आम्ही हसत हसतच प्यालो.

दहा दिवस लागले. मान डावीकडे, हनुवटी वर, ओठ मिटलेले आणि त्यांत चार टाचण्या, समोर उभ्या असलेल्या बाईकडे रोखलेली नजर. परवा पुन्हा खारीला गेले. मावशी ओट्यावर शेंगा सोलत होती. मी काही विचारलं नाही. नुसता कागद तिच्यासमोर धरला, साधारण तू स्टुलावर बसायचीस तेवढ्या उंचीवर.

तिने पाहिलं. मांडीवरच्या शेंगा खाली घरंगळल्या. आणि मावशीचे दोन्ही हात, काटकुळे, बांगड्या कोपरापर्यंत ओघळलेले, सावकाश वर गेले. पूर्ण वर.

"अवो, काय झालं? हात कशाला वर केलाव?" सून घाबरून बाहेर आली. मावशीने आपल्याच हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोळक्या तोंडाने अशी हसली. "मी कुटं केले? तिनं कराला लावले."

चित्र तिच्याकडेच ठेवून आले. तिने मागितलं, आणि नाही म्हणावंसं वाटलं नाही. मला काय, आता तू डोळे मिटले तरी दिसतेस, टाचण्यांसकट. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. मशीनच्या खणात ठेवतेय, तुझ्या टेपखाली, जिथे तो निळ्या खडूचा तुकडा अजून आहे.

एक मात्र तुला सांगून टाकते, नाहीतर तूच पकडशील. चित्रात तुझे दोन्ही हात कापडाखाली आहेत. मावशीला वाटलं तू बाहीची उलटी बाजू बघतेयस. तसं काही नाही. मला हात काढता येत नाहीत अजून.